डावीकडचा गिअर

आडवा दांडा फळीवर नव्हता. तो ज्यांत फिरतो ती दोन्ही पितळी बुशं नव्हती, ब्रेकची समतोल पट्टी नव्हती, आणि थोरल्या भावाच्या नकली पायासाठी घडवलेलं, वाटीसारखी कड असलेलं पायदानही नव्हतं. ज्या फडक्यात धाकटीने हे सगळं पुसून, तेलाचा हात लावून गुंडाळलं होतं, ते फडकं मात्र चौकोनी घडी घालून फळीवर ठेवलेलं होतं.

ती घडी बघूनच तिला कळायला हवं होतं. चोर काही घड्या घालत बसत नाही. पण रागाला डोळे नसतात. ती तरातरा शेडमधून बाहेर आली ती थेट बाबांच्या अंगावर.

"माझे पार्ट कुठे आहेत?"

बाबा अंगणात खुर्च्या मांडत होते. जेवणं झाल्यावर इंजिन सुरू करायचं ठरलं होतं आणि त्यांनी शेजारच्या चार जणांना आमंत्रण देऊन ठेवलं होतं. अपघातानंतर थोरला पहिल्यांदा मोटरसायकलवर बसणार, आणि तीही घरात बनलेल्या, हे गल्लीने बघायलाच हवं होतं.

"कुठले पार्ट?"

"फळीवरचे. सकाळी शेड तुम्ही आवरलीत ना?"

"आवरली म्हणजे झाडली. फळीला मी हात लावला नाही. तुझ्याच पसाऱ्यात बघ."

"माझा पसारा नसतो, बाबा."

"मग मी काय खाल्ले का ते?"

तेवढ्यात आत्या फाटकातून आत आली. ती बाबांची थोरली बहीण. वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, मागे त्यांचा लेथ, लोखंड कातायचं यंत्र, तीच चालवत होती, आणि आडवा दांडा त्याच लेथवर बनला होता. मोटरसायकलचा गिअर डाव्या पायाशी असतो. थोरल्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेलेला. म्हणून गिअर डावीकडून उजवीकडे आणणारा दांडा, सांगाड्याच्या पोटातून आरपार जाणारा. उजवीकडचा ब्रेक मग हातात घ्यायचा. पहिला दांडा अडकला, दुसरा खडखडला. तिसरा असा बसला की बोटाने फिरवला तरी फिरत राहावा. त्या दिवशी आत्याने भाचीच्या पाठीवर थाप मारली होती, आणि आत्याची थाप म्हणजे काय ते वर्कशॉपमधल्या माणसांना विचारावं.

"काय झालं?" आत्याने हातातली हत्यारांची पेटी खाली ठेवली.

"दांडा नाही. काहीच नाही."

आत्या भावाकडे वळली. "तू फेकलास?"

"घ्या! हीसुद्धा माझ्याच नावाने! अगं आक्का, मी कशाला फेकू? मीच लोकांना बोलावून बसलोय!"

"तुला लोखंड आणि कचरा यातला फरक कधी कळला?"

"कळला असता, अण्णांनी लेथ मला दिला असता तर."

"हात होते का तुझ्याकडे?"

"झालं! काढ ते उकरून. दर वेळी तेच—"

"त्यांना कशाला बोलता, वन्सं?" आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. पदराला हात पुसत ती म्हणाली, "मी दिले ते. सकाळी भंगारवाला आला होता, त्याच्या गाडीवर घातले."

बाबांच्या हातातली खुर्ची अर्धवट उघडी राहिली.

हे सांगून किती तरी दिवसांनी आईला मोकळा श्वास आला. गेला उन्हाळाभर तिच्या मागच्या दाराशी लोखंड कापण्याचा आवाज चालला होता. तो आवाज सुरू झाला की तिच्या डोळ्यांपुढे दवाखान्यातला तो दिवस यायचा. ज्या वस्तूने लेकाचा पाय नेला तीच वस्तू पोटची पोरगी हाताने बनवतेय, नवरा कौतुक करतोय, नणंद मदत करतेय. आणि या सगळ्यांना आपण चहा करून द्यायचा.

"तू... भंगारात?" धाकटी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "आई, तुला माहीत होतं ते काय आहे?"

"माहीत होतं म्हणूनच दिलं."

"आज गाडी सुरू होणार होती!"

"म्हणूनच आज दिलं."

"बाई, डोकं फिरलंय का तुझं?" बाबा ओरडले. "मी लोकांना काय सांगू आता?"

"लोकांना जेवायला नाही बोलावलंत, पोराला गाडीवर चढताना बघायला बोलावलंत! तमाशा आहे का तो?"

"तमाशा? पोरगं घरात बसून कुजतंय ते चालतं तुला. चार लोकांत पुन्हा ताठ मानेने फिरला तर तुझं काय जातं?"

"माझं काय जायचं होतं ते गेलंय."

"वहिनी, कुठला भंगारवाला?" धाकटीने विचारलं. वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, पायरीजवळ उभी होती. सोफ्यांच्या कारखान्यात ती गाद्या शिवायची. गाडीची सीट तिने शिवली होती, काळ्या रेक्झिनची, दुहेरी टाक्यांची, आणि आज बसवायची म्हणून ती पोटाशी धरून उभी होती.

वहिनी काही सांगणार तोच पायरीवर बसलेला थोरला बोलला.

"आईला ओरडू नका. मी सांगितलं होतं तिला."

आईने डोळे मिटले. हे त्याने सांगू नये असं तिला वाटत होतं. सगळा दोष आपल्या अंगावर घ्यायची तिची तयारी होती.

"काय सांगितलं होतंस?" धाकटीने विचारलं.

"हे बंद कर म्हणून. भंगारात दे असं नाही म्हटलं. पण बंद कर म्हटलं."

"कधी?"

"काल."

"काल दुपारी तू माझ्यासमोर त्या पायदानावर पाय ठेवून बघितलास. बरोबर बसलं म्हणालास. दादा, तू हसलास!"

"मग काय रडू? दर रविवारी तू मला उभा करतेस. दादा पाय ठेव, दादा जरा वर, दादा हात लांब कर. शिंप्याकडे माप द्यायला गेलेलं गिऱ्हाईकसुद्धा कापड स्वतः पसंत करतं गं. मला या गाडीवर बसायचं नाही. कधीच नव्हतं बसायचं."

"मग तोंड शिवलं होतं का? हे मला सांगायचं होतं!"

"कसं सांगणार? बाबा गल्लीभर सांगत फिरतायत, आत्या रविवार मोडतेय, हिने सीट शिवली." त्याने बायकोकडे बोट केलं. "सगळे माझ्यासाठी राबतायत. मी नाही म्हटलं की मी कृतघ्न."

"तुझ्यासाठीच राबत होते!"

"खोटं बोलू नकोस."

थोरला कठड्याला धरून उठला. नकली पायाचा खट्ट आवाज झाला. तो तापट नव्हता. लहानपणीही मारामाऱ्या धाकटीच करायची आणि तो सोडवायचा. त्यामुळे तो उभा राहिला तेव्हा सगळे त्याच्याकडे वळले.

"तुला गाडी बनवायची होती," तो म्हणाला. "अगदी लहानपणापासून. कारखान्यात फाटकं आणि कठडे जोडून तुझं पोट भरतं, मन नाही भरत. पण 'मला माझ्यासाठी गाडी बनवायचीय, शेड द्या' असं म्हटलं असतंस तर बाबांनी दिली असती? आत्याने लेथ दिला असता? म्हणून माझं नाव घेतलंस. माझ्या खांद्यावर बंदूक ठेवलीस. खांदा नव्हे, हा पाय. माझ्या तुटक्या पायाची परवानगी काढलीस तू."

धाकटीची कानशिलं तापली होती. त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती, कारण तो खोटं बोलत होता. आणि त्याहून जास्त मारावीशी वाटत होती, कारण तो पूर्ण खोटं बोलत नव्हता.

"वहिनी," ती एवढंच म्हणाली, "भंगारवाला कुठला?"

"नेहमी येतो तोच, नाल्याच्या वळणावरचा." वहिनीने सीट पायरीवर ठेवली, नवऱ्याकडे न बघता. "चल, मी पण येते."

दोघी झपाझप चालत पहिला रस्ता ओलांडून गेल्या. मग वहिनीच बोलली, आणि बोलली ती इतक्या जोरात की दुकानाच्या फळीवर बसलेल्या माणसाने मान वळवली.

"आईला सांगितलं त्याने! मला नाही. मी त्याच्या शेजारी झोपते. त्याच्या पायाला मलम मी लावते. रात्री ओरडत उठतो तेव्हा दिवा मी लावते. आणि मनातलं सांगायला आई!"

"मलाही नाही सांगितलं."

"तू बहीण आहेस. तुझं वेगळं." वहिनी थांबली. "आणि तू तरी काय? मला म्हणालीस, दादाची फार इच्छा आहे. म्हणून मी कारखाना सुटल्यावर थांबून सीट शिवली. बोटं बघ माझी."

धाकटीने बोटं बघितली. "मला खरंच वाटत होतं त्याला हवीय."

"वाटत होतं की वाटून घेतलंस?"

"दोन्ही," धाकटी चिडून म्हणाली. "झालं समाधान?"

"नाही झालं. पण निदान खरं तरी बोललीस."

भंगाराच्या आवारात मालक तराजूजवळ बसून ढीग निवडत होता. ढिगाच्या कडेला धाकटीला ओळखीची चकाकी दिसली. दांडा धड होता. पायदान धड होतं. पट्टी कशाखाली तरी येऊन वाकली होती. बुशं मात्र त्याने हातोड्याने फोडली होती. पितळ वेगळं, लोखंड वेगळं.

"नवीन बुशं फोडलीत?" तिने तुकडे उचलले. "कशासाठी? जशी होती तशी टाकता आली नसती पितळात?"

"आत लोखंडी नळी होती ताई. पितळात लोखंड चालत नाही. आम्हाला काय माहीत कशाची आहेत? बाईंनी दिली, आम्ही घेतली. घरात विचारत जा एकमेकांना."

वहिनीला हसू आलं. अशा वेळी येऊ नये असं हसू. ती तोंड फिरवून हसली आणि मग हसता हसता तिचे डोळे भरून आले. धाकटीने दांडा खांद्यावर घेतला, वहिनीने पायदान, आणि दोघी परत फिरल्या.

घरी तोवर बाबा शेजाऱ्यांकडे जाऊन आले होते. पेट्रोलच्या टाकीला गळती आहे, असं सांगून आले. खुर्च्या ते एकावर एक आदळत भिंतीशी लावत होते.

"बसला असतास एकदा तर काय बिघडलं असतं?" ते थोरल्याला म्हणाले. "एक चक्कर. गल्लीच्या टोकापर्यंत. एवढंच."

थोरला पायरीवर, शेजारी ती सीट. अपघाताआधी बाबांनी त्याच्या गाडीकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. उंडारतोस म्हणायचे. पाय गेल्यावर मात्र त्यांना तो उंडारणारा मुलगा परत हवा होता.

"माझा पाय नाही, बाबा," तो म्हणाला. "गल्लीच्या टोकापर्यंत गेलो असतो तरी परत येताना नसताच."

बाबांनी पुढची खुर्ची मात्र न आदळता ठेवली.

आत्या शेडच्या दारात आपल्या पेटीवर बसून होती. थोरला बोलल्यापासून तिच्या कानात एकच गोष्ट फिरत होती. अण्णांनी तिला लेथवर उभं केलं तेव्हा काय म्हणाले होते? 'धाकटा शिकून मोठा होईपर्यंत तू सांभाळ.' आपल्याला लेथ हवाय, असं ती तेव्हा म्हणाली नव्हती. भावासाठी सांभाळते म्हणाली. भाऊ मोठा झाला, बसवर चालक म्हणून लागला, तरी ती सांभाळतच राहिली. शेवटी अण्णांनी लेथ तिच्या नावावर केला तेव्हा घरात असं वादळ उठलं की जणू तिने चोरीच केली. आजही भावाच्या जिभेवर तीच चोरी होती.

फाटक वाजलं. दोघी आत आल्या.

धाकटीने दांडा अंगणाच्या मधोमध फरशीवर ठेवला. आवाज सगळ्यांनी ऐकला, आई परत दारात आली.

"दादा बरोबर बोलला," धाकटी म्हणाली. आवाज चढलेला होता, खाली यायला तयार नव्हता. "सगळं नाही, पण निम्मं बरोबर. त्याला गाडी मिळावी असं मला वाटत होतं. आणि मलाही हवी होती. आता त्याला नकोय तर नको. ती माझी. ती मी पुरी करणार आणि मी चालवणार."

"इथे नाही," बाबा म्हणाले.

"का?"

"शेड मी थोरल्यासाठी रिकामी केली होती. तुझ्या चैनीसाठी नाही."

"त्याच्यासाठी असली की हौस आणि माझ्यासाठी असली की चैन?"

"जीभ आवर! या घरातला एक पाय गेलाय. दुसरा देऊ?"

"आता आठवलं?" आई कडाडली. मघापासून ती ज्या नवऱ्याविरुद्ध लढत होती त्याच्याच बाजूला आपण जाऊन उभ्या राहिलोय हे लक्षात येऊन तिला अधिकच राग आला. "पोरगा चढणार होता तेव्हा नाही आठवला पाय? मला दोन्ही नकोत! ना त्याने, ना हिने!"

"मग मी कुठे जाऊ?" धाकटीने विचारलं.

"माझ्याकडे," आत्या म्हणाली.

बाबा गर्रकन वळले. "आक्का, तू यात पडू नकोस. आधी लेथ नेलास, आता पोरगी नेतेस?"

"लेथ मी नेला नाही. मी तो मागितला नाही, हीच माझी चूक. मागितला असता तर निदान एकदाच भांडण झालं असतं. तू जन्मभर चालवलंयस." आत्या उठली. "ही आज तोंडाने मागतेय. मला जमलं नाही ते हिला जमलं. पुढचं चाक धर गं."

"गाडी या फाटकाबाहेर गेली तर—"

"तर काय?" धाकटीने विचारलं.

बाबा आत गेले आणि दार लावून घेतलं.

गाडी अजून गाडी नव्हती. वाकवलेल्या नळ्यांचा सांगाडा, दोन चाकं, मध्ये टांगलेलं इंजिन. ब्रेक नाही, सीट नाही. अंगणाला फाटकाकडे उतार होता. धाकटीने हँडल धरलं, आत्याने मागून दाब दिला. फाटकापाशी हँडल खांबात अडकलं. इकडून वळवलं, तिकडून वळवलं, निघेना. धाकटी शिव्या पुटपुटत झटके देऊ लागली.

"रंग काढशील खांबाचा," थोरला मागून म्हणाला. तो पायरी उतरून आला होता. त्याने तिचा हात बाजूला केला, हँडल पूर्ण उजवीकडे वळवलं, गाडी किंचित तिरकी केली आणि फाटकातून सुटी केली. हात एक क्षण हँडलवर राहिला. मग त्याने तो काढून घेतला.

"बंदूक वगैरे म्हणालो ते मी मागे घेत नाही," तो म्हणाला.

"घेऊ नकोस. मला सांगण्याआधी आईला सांगितलंस, तेही मी विसरणार नाही."

"हिलाही सांगितलं नाही," वहिनी म्हणाली, स्वतःच्या छातीवर बोट ठेवून. "त्याचं आपण घरात बोलू. आत्ताच." आणि तिने सीट आणून सांगाड्यावर ठेवली. "ही घेऊन जा. मी कोणाच्या नावाने शिवली ते सीटला माहीत नाही."

आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. लेक ती गाडी ढकलत रस्त्याला लागली तेव्हा तिला हाक मारून थांबवावंसं वाटलं, शिव्या द्याव्याशा वाटल्या. पण तोंडातून आलं ते भलतंच. "जेवून तरी जा! ताटं वाढलीत!"

"झाकून ठेव!" धाकटी मागे न बघता ओरडली.

आई आत गेली आणि रागारागाने भांडी आपटत तिचं ताट झाकू लागली.

आत्याचं वर्कशॉप रविवारी बंद असे. शटर वर गेलं तसा तेलाचा आणि लोखंडाच्या कपच्यांचा ओळखीचा वास आला. त्यांनी गाडी लेथसमोर उभी केली, इंजिनाखाली लाकडी ठोकळे दिले. धाकटी घामाने भिजली होती. तिने वहिनीची सीट बसवली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच स्वतः गाडीवर बसली.

पाय जमिनीला टेकेनात. चवडे कसेबसे लागले. हात हँडलपर्यंत पोचवायला पुढे वाकावं लागलं, उजवीकडचं पायदान कुठल्या कुठे मागे राहिलं. थोरला तिच्याहून हातभर उंच होता. सांगाड्याची एकेक नळी, एकेक कोन, हँडलचा बाक, सीटची उंची, सगळं त्याच्या अंगावर मोजून बनवलेलं होतं.

"यात माझं काहीच नाही," ती म्हणाली. आणि सकाळपासून जे आलं नव्हतं ते रडू आता आलं. रागाचंच होतं ते. नाक ओढत, मूठ टाकीवर आपटत ती रडली.

"टाकीला पोचा येईल," आत्या म्हणाली. "रडायचं तर नुसतं रड. हात नको चालवू, ठोकळे हलतायत."

मग आत्याने खडू घेतला, गुडघे धरत खाली जमिनीवर बसली आणि भाचीचा डावा पाय घोट्याशी पकडून हवेत जिथे नीट दुमडला तिथे धरला.

"इथे येईल गिअर," ती म्हणाली. "डावीकडे. सरळ, साधा, दांडाबिंडा काही नको. मागचा सांगाडा कापून खाली घ्यावा लागेल. हँडल नवीन. पायदानं नवीन. पुष्कळ काम आहे."

"किती?"

"पुष्कळ म्हटलं ना. हलू नकोस, पाय सरळ ठेव. पहिल्यांदाच माप देतेयस, नीट दे."

धाकटीने बाहीने नाक पुसलं आणि पाय तिच्या हातात सोडला. आत्याने सांगाड्यावर, तिच्या टाचेच्या बरोबर शेजारी, पांढरी खूण केली.